कोरे म्हणून गळ्यात मारलेले टायर, आणि आतल्या बाजूला लपवलेली तारीख

चार टायर बसवले आणि चारही टायरांवरची उत्पादनाची तारीख गाडीच्या आतल्या बाजूला गेली. बाहेरून वाचता येईल अशी एकही नाही. हे माझ्यासमोर झालं, मी त्याबद्दल विचारलंसुद्धा, आणि तरी पैसे चुकते करून गाडी घेऊन निघाले. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

टायरच्या कडेवर डीओटी (DOT, म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, हे मला ठाऊक होतं. त्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००० सालापासून ही पद्धत आहे. त्याआधी तीनच आकडे असत, त्यामुळे तीन आकडी तारखेचा टायर कोणी समोर ठेवला तर पुढे बोलूच नका. गोम अशी की तारखेसकट पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असली तरी चालते. दुसऱ्या बाजूला डीओटी असतं, अक्षरं असतात, फक्त हे चार आकडे नसतात. घाईत बघणाऱ्याला वाटतं की आपण कोड पाहिला.

आता हिशेब बघा. माझे टायर साधे, कुठलीही बाजू बाहेर घेता येईल असे. विचार न करता बसवले तर काहींची तारीख बाहेर येणार, काहींची आत. चारही आत जाण्याची शक्यता सोळात एक. म्हणजे टायर बसवणाऱ्या पोराने प्रत्येक टायर हातात घेऊन, फिरवून, बघून मग रिमवर चढवला होता. एक टायर तर त्याने अर्धा चढवून परत काढला आणि उलटा केला. मी विचारलं, "का हो, उलटा का केला?" मालक गल्ल्यावरूनच म्हणाला, "तारखेची बाजू आतच घ्यायची असते मॅडम. बाहेर ठेवली तर फुटपाथला घासून आकडे जातात."

इतकं सफाईने सांगितलं की पटलं. असा काही नियम नाही. ज्या टायरवर 'बाहेरची बाजू' असं छापलेलं असतं त्याला पर्याय नसतो, बाण असलेल्या टायरला फिरण्याची दिशा पाळावी लागते. साध्या टायरला यातलं काही लागू नाही. पण मला सांगा, जो माणूस आयुष्यभर टायरच विकत आलाय त्याने टायरबद्दल सांगितलेली गोष्ट कोण खोडून काढतं? गाडी लिफ्टवर होती, मागे दोन गाड्या थांबलेल्या, माझ्या हातात बिल. अशा वेळी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि टायर दिसत होते कसे? चकचकीत काळे. नक्षी पूर्ण खोल. साच्यातून निघताना राहतात ती रबराची केसं शाबूत. लाल आणि पिवळे ठिपकेसुद्धा जागेवर. मालकाने त्या ठिपक्यांवर बोट ठेवून सांगितलं, "हे बघा, कंपनीतून आलाय तसा." ठिपके खरेच होते. पण पिवळा ठिपका टायरची सगळ्यात हलकी जागा दाखवतो, म्हणजे ती व्हॉल्व्हजवळ आणता येते, आणि लाल ठिपका गोलाई जिथे किंचित वर आलेली असते ती जागा दाखवतो. टायर कधी बनला याच्याशी दोन्हींचा संबंध शून्य. केसांचंही तेच. टायर रस्त्यावर फिरलेला नाही, एवढंच त्यावरून कळतं. गोदामात आठ वर्षं पडून राहिलेल्या टायरलाही केसं असतात. आणि तो चकचकाट म्हणजे पॉलिश. बारीक भेगा झाकायला त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही.

पैशाचं आत्ताच सांगून टाकते. इतर ठिकाणी मिळत होता त्यापेक्षा भाव बरोबर ३० टक्के कमी. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी बसवल्यावर. कारण काय तर "जुन्या मापाचा स्टॉक, संपवायचाय". आता तुम्ही म्हणाल, ३० टक्के कमी म्हटल्यावरच शंका यायला हवी होती. का यावी? सेल लागतात, मॉडेल बंद होतात, माप खपत नाही म्हणून दुकानदार माल काढतात. स्वस्त घेणं हा गुन्हा नाही. स्वस्त का आहे ते लपवणं हा आहे.

कळलं ते पावसाळ्यात. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी थांबायच्या आधी थोडी घसरायची. वेग वाढवला की स्टिअरिंग थरथरायचं, बॅलन्सिंग केलं तरी काही दिवसांनी पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या एका कारागिराने अलाइनमेंटसाठी गाडी वर घेतली, टॉर्च मारला आणि विचारलं, "ताई, हे टायर कुठून घेतले?" नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा. त्याने आतल्या बाजूचे कोड वाचून दाखवले. ३०१६, ३०१६, ४६१५, १११७. माझी खरेदी मार्च २०२४ मधली. म्हणजे विकत घेतला त्या दिवशी एक टायर सात वर्षांचा, दोन साडेसातच्या पुढचे, आणि एक आठ वर्षं ओलांडलेला. एका वयाचे चार देण्याचीही तसदी घेतली नव्हती. गोदामाचा कोपरा झाडून काढला आणि माझ्या गाडीला लावला.

टायर चढवताना आणखी एक खूण होती, तीही सांगते. दोन टायर रिमवर बसता बसेनात. हवा भरली की कडेने फुस्स. साबणाचं पाणी, पुन्हा हवा, शेवटी दणका देऊन बसले. वर्षानुवर्षं टायर एकावर एक आडवे रचले की खालचे दबतात, त्यांच्या कडा आत ओढल्या जातात. कोऱ्या टायरला बसवताना इतकी कुस्ती करावी लागली तर तिथेच थांबा आणि तारीख मागा.

परत गेले तेव्हा मालकाचं एकच पालुपद: "वापरलेत का कोणी? नाही ना? मग नवेच." इथे बरेच लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टायरचं वय गाडीला लावल्यापासून मोजत नाहीत, कारखान्यातून निघाल्यापासून मोजतात. रबर नुसतं पडून राहिलं तरी प्राणवायू आणि ओझोन त्याच्याशी आपलं काम करत राहतात. ड्रॉवरमध्ये विसरलेला रबरबँड ताणायला जावं तर तुटतो, तसंच. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारी रसायनं आणि मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहतं. पडून असलेला टायर वाकतच नाही, त्यामुळे हे संरक्षण वर यायचं मंदावतं. उष्णता असेल तर सगळंच वेगाने होतं. सगळ्यात वाईट म्हणजे आतल्या पोलादी पट्ट्यांना धरून ठेवणारं रबर कडक होतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. वेगात असताना नक्षीचा अख्खा पट्टा उकलून येतो तो यामुळे.

मग किती वर्षं? सगळीकडे चालेल असा एक कायदा नाही, आणि ही माणसं नेमक्या याच फटीतून निसटतात. पण शहाण्यांनी सांगून ठेवलेलं भरपूर आहे. ब्रिटनमधल्या रबर उत्पादकांच्या संघटनेने २००१ मध्येच सांगितलं होतं की न वापरलेला टायर सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर तो गाडीला लावू नये, आणि कुठलाही टायर दहा वर्षांनंतर ठेवू नये. बऱ्याच गाडी कंपन्या मालकाच्या पुस्तिकेत सहा वर्षांचा आकडा देतात, नक्षी कितीही शिल्लक असो. काही टायर कंपन्या दहा वर्षं ही शेवटची मर्यादा मानतात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या म्हणतात. जर्मनीत टायर व्यापाऱ्यांचीच भूमिका अशी की नीट साठवलेला टायर तीन वर्षांपर्यंत कारखान्यातून आल्यासारखा आणि पाच वर्षांपर्यंत नवा म्हणून विकायला हरकत नाही. म्हणजे दोन-अडीच वर्षांपूर्वीची तारीख दिसली म्हणून लगेच भांडायला उठू नका, तेवढं चालतं. पण 'नीट साठवलेला' हे शब्द लक्षात ठेवा. थंड, कोरडी, अंधारी जागा. इंधन, तेल, सॉल्व्हंट जवळ नको. ओझोन तयार करणाऱ्या मोटारी आणि वेल्डिंग मशीन जवळ नकोत. रिमशिवायचे टायर उभे ठेवून अधूनमधून फिरवायचे. माझ्या विक्रेत्याच्या गोदामाला पत्र्याचं छप्पर आहे आणि शेजारीच वेल्डिंग चालतं. हे मी नंतर पाहिलं.

यात जीव जातात. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन माणसं गेली. तो टायर १९ वर्षांचा होता. नक्षी कायदेशीर खोलीची होती, म्हणून तो कुठल्याच तपासणीत अडला नव्हता. मृत मुलाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर लावायला बंदी आली. मोटारींना तेव्हाही नाही.

हे सगळं छापून, बिल आणि फोटो जोडून मी दारोदार फिरले. आता त्या दारांबद्दल.

टायर कंपनीच्या ग्राहक सेवेने आधी विचारलं, विक्रेता अधिकृत आहे का. नव्हता. मग वयामुळे पडलेल्या भेगा वॉरंटीत येत नाहीत असं ऐकवलं. अहो, मी वॉरंटी मागतच नव्हते. तुमच्या नावाचा आठ वर्षांचा माल कोऱ्याच्या नावाखाली विकला जातोय, एवढं सांगायला आले होते. "आपला अभिप्राय नोंदवला आहे." अभिप्राय! पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे, ग्राहक कार्यालयात जा. ग्राहक कार्यालयातल्या साहेबांनी बिल उलटसुलट करून विचारलं, "टायरवर एक्स्पायरी डेट असते का? नाही. मग मुदत संपलेला माल विकला असं कसं म्हणता?" मी म्हटलं, मी तसं म्हणतच नाही, तारीख लपवली म्हणतेय. तर म्हणे लपवली कशी, टायरवरच तर आहे! गाडीखाली झोपून वाचायची, हे त्यांना लपवणं वाटत नाही. पुढच्या खेपेला साहेब बदललेले, फाइल सापडेना. त्यानंतर तज्ज्ञाचा अहवाल आणा. तज्ज्ञ कोण, हे सांगायची जबाबदारी कोणाचीच नाही. वाहन तपासणीवाल्यांकडे गेले तर त्यांनी खोली मोजली, नक्षी जवळपास ८ मिलिमीटर निघाली, गाडी उत्तम म्हणून पास! अनेक देशांत किमान १.६ मिलिमीटर लागते, त्याच्या किती वर. वय? "ते आमच्या फॉर्ममध्ये नाही." फॉर्ममध्ये नाही म्हणजे जगात नाही. शेवटी ग्राहक कार्यालयाकडून संदेश आला: उभय पक्षांत समझोता शक्य असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. समझोता शक्य आहे हे ठरवलं कोणी? मला विचारलं नव्हतं.

तो 'समझोता' असा. विक्रेत्याने आधी बिलाच्या १५ टक्के परत देऊ केले, "आपुलकी म्हणून". मी कागदपत्रं पसरल्यावर ४० टक्क्यांवर आला, पण अट घातली की चारही टायर त्याला परत द्यायचे. मी म्हटलं, देते, फक्त माझ्यासमोर कापा. त्यावर त्याची आपुलकी संपली. परत घेऊन त्याला काय करायचं होतं ते वेगळं सांगायला नको. पुन्हा पॉलिश, पुन्हा कोणाची तरी गाडी. मी ते ४० टक्के सोडले. घरच्यांनी वेड्यात काढलं. दुसरे टायर पूर्ण भावाने घ्यावे लागले, म्हणजे पहिल्या टायरांच्या जवळपास दीडपट पैसे मोजले असं धरा, आणि आधीचे शंभर टक्के बुडाले ते वेगळेच.

ते दुसरे घेताना काय केलं ते ऐका. टायर जमिनीवर असताना, रिमवर चढवायच्या आधी, चारही कोडांचे फोटो काढले. बिलावर मापाशेजारी चारही तारखा लिहून घेतल्या. माझ्या पहिल्या बिलावर नुसतं माप होतं, आणि तिथेच निम्मी केस हरले होते. एक दुकानदार तारखा लिहून द्यायला कुरकुरला, तिथून उठले. पैसे शेवटी दिले, आगाऊ दमडी नाही. कोडची जागा घासलेली किंवा गुळगुळीत लागली तर टायर फुकट मिळाला तरी घेऊ नका. पॉलिश केलेला टायर पुसायला लावा, खाचांमध्ये अंगठा दाबून भेगा उघडतात का बघा. आणि एकदा डिकीतल्या स्टेपनीचाही कोड वाचा. तीही न वापरलेलीच असते, तिचंही वय वाढतच असतं.

जुन्यांपैकी ३०१६ वाले दोन आणि १११७ वाला यांच्या कडा मी स्वतः उभं राहून कापून घेतल्या, भंगारातूनही कोणी उचलू नयेत म्हणून. ४६१५ वाला पुरावा म्हणून ठेवलाय. तक्रार निकाली काढल्याविरुद्ध वर अर्ज केला आहे, आणि त्यात पहिलीच ओळ अशी आहे की सुनावणीच्या वेळी साहेबांनी स्वतः टायर उलटा करून तारीख वाचावी.