टायरमधला खिळा आणि साडेसहाशेचं पंक्चर किट

बाईकवर पुणे-बंगळूर-पुणे सॅडलसोर करायला निघालो होतो, म्हणजे 24 तासांत 1000 मैल, आपले सोळाशे किमी. हावेरीच्या पुढे मागचं टायर लुळं पडल्यासारखं वाटलं, बघतो तर हा एवढा खिळा! साडेसहाशेला ऑनलाईन घेतलेलं ट्यूबलेस किट पहिल्यांदाच बाहेर काढलं. पकडीने खिळा उपटला, रीमर (भोक घासून साफ करायची खरबरीत सळई) आत-बाहेर फिरवला, सोल्युशन लावायला गेलो तर त्याची ट्यूब वाळून खडखडीत, सील न उघडता, काय बोलणार. मग भोकात कोरडीच स्ट्रिप (भोक बुजवायची रबरी पट्टी) दाबली, हँडल प्लास्टिकचं, तळहातावर वळ उठले पण बसली एकदाची. थुंकी लावून बघितलं, बुडबुडे नाहीत.

सोबतचा छोटा पंप मात्र एक नंबर, बॅटरीला चिमटे लावले आणि 32 पीएसआय भरायला सहा-सात मिनिटं, फक्त इंजिन चालू ठेवा नाहीतर बॅटरी बसायची. सगळा खेळ चाळीस मिनिटांचा (त्यातली दहा खिळा शोधण्यात). स्ट्रिप पुण्यापर्यंत टिकली. सोल्युशन वेगळं घ्या, जमल्यास टी-हँडल लोखंडी. आणि ट्यूबवालं टायर असेल तर हे घेऊच नका, काही उपयोग नाही. पाचपैकी साडेतीन.