एमडीएसची उजळणी: वन-लायनरची वही बरी की कारणासकट वाचन?

धुळे-जळगावकडच्या इंटर्न मुलामुलींना नीट एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, तोंडावर हाच प्रश्न पडतो. दिवसभर ओपीडी, संध्याकाळी हाताशी जेमतेम दोन-तीन तास. त्यात वन-लायनर (एका ओळीत मावणारे मुद्दे) पाठ करायचे की जाडी पुस्तकं पुन्हा उघडायची? पेपरचा नेहमीचा आराखडा 240 प्रश्न आणि 3 तासांचा. बरोबर उत्तराला 4 गुण, चुकलं की 1 वजा. म्हणजे प्रश्नामागे 45 सेकंद.

ज्या माहितीला 'का' विचारण्यात अर्थ नाही, तिथे वहीच बरी. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात, वजनाने 96 टक्के खनिज. दातातल्या किडीच्या पोकळ्यांच्या ब्लॅकच्या वर्गीकरणात सहावा वर्ग सायमनने जोडला. डीनचा सुधारित फ्लोरोसिस इंडेक्स (फ्लोराइडमुळे दातांवर पडणाऱ्या डागांची मोजपट्टी) 1942 चा. रोज थोडं थोडं घोकायचं, बस्स.

भुलीच्या औषधाचं मात्र तसं नाही. त्यात रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रेनॅलिन मिसळलेलं असतं. हृदयरोग्याला अ‍ॅड्रेनॅलिनची मर्यादा 0.04 मिलिग्रॅम, हे वहीत असतं. प्रश्न येतो तो असा: 1:80,000 चं द्रावण किती मिली देता येईल? 1:80,000 म्हणजे दर मिलीत 0.0125 मिलिग्रॅम, म्हणून उत्तर 3.2 मिली. तेच द्रावण 1:2,00,000 केलं की उत्तर 8 मिली. पाठ केलेला आकडा इथे अर्ध्या वाटेवर सोडून देतो. हा हिशोब हाताने चार वेळा करा, पुढे वही लागत नाही.

हिपॅटायटिस बीचंही तेच. लसीत विषाणूचं फक्त सरफेस अँटिजेन (बाहेरच्या आवरणातलं प्रथिन) असतं, म्हणून लस घेतलेल्याच्या रक्तात अँटी-एचबीएस (त्याविरुद्धचं प्रतिपिंड) सापडतं, अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धचं) नाही. आजार होऊन बरा झालेल्याकडे दोन्ही. एवढं कळलं की अख्खा तक्ता घोकायची गरज उरत नाही.

आणि सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होऊन तोंड नीट न उघडणं! आपल्या भागात इतके पेशंट समोर बसतात की हा धडा यादीतून वाचणं मला पटतच नाही. वहीत मिळेल 'श्वार्ट्झ, 1952', म्हणजे या आजाराचं वर्णन कुणी आणि कधी केलं. खुर्चीवर मात्र विशीतला मुलगा असतो, गालाची त्वचा आतून पांढुरकी, बोट फिरवलं की ताठ पट्टे लागतात, तिखट खाल्लं की आग होते. सुपारीतलं अरेकोलीन हे अल्कलॉइड फायब्रोब्लास्टना (कोलेजन बनवणाऱ्या पेशींना) चेतवतं, सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम वाढवतं, कोलेजनचे धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात आणि मग ते सहज तुटत नाहीत. अल्कलॉइड कोणतं, एन्झाइम कोणतं, सुपारी-गुटख्याची पुडी सोडल्यावरही तोंड पूर्ववत का उघडत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एकाच साखळीत आहेत. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे, तरी हे पेशंट येतच राहतात. त्यामुळे हा धडा परीक्षेनंतरही कामाचा आहे.

माझा कौल असा. डेंटल मटेरियल्स, पब्लिक हेल्थ, दात उगवण्याची वयं यांसाठी वही. फार्माकॉलॉजी, फिजिऑलॉजी, ओरल मेडिसिन आणि सर्जरी कारणासकट. हाताशी महिनाच उरला असेल तर जाडं पुस्तक पहिल्या पानापासून उघडूच नका. आधी जुने प्रश्न सोडवा, जिथे अडाल तेवढंच पान वाचा. क्लाससाठी पुणं गाठलं तरी हे काम तुम्हालाच करावं लागतं. विकतच्या वहीपेक्षा स्वतः लिहिलेली वही चांगली, फक्त प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. मिलिग्रॅम आणि मिलीची अदलाबदल झाली की आकडा पाठ असूनही गुण जातात.