लग्नाच्या व्हीसीडीतली डॅट फाइल: नुसतं नाव बदलायचं, एमपीजी करायची की एमपीफोर?

जळगाव-धुळ्याकडच्या घरांत 2000 नंतरच्या दशकातल्या लग्नांच्या व्हीसीडी (म्हणजे व्हिडिओ सीडी) अजून कपाटात पडून आहेत. त्यांच्यातच बाजारातून आणलेल्या अहिराणी गाण्यांच्या सीडीही मिसळलेल्या असतात. संगणकात सीडी उघडली की ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात ‘एव्हीएसईक्यू01’ नावाची डॅट फाइल. मोबाइल ती घेत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर ती व्हिडिओ म्हणून जात नाही. मग तिचं काय करायचं, हा प्रश्न.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. सीडीवरून फाइल संगणकात उतरवून घेणं हे एक काम आणि ती बदलणं हे दुसरं. दुसरं काम दिवाळीपर्यंत थांबलं तरी चालेल. पहिलं थांबवू नका. घरी लिहिलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उष्णतेनं आणि उजेडानं खराब होतो, आणि भुसावळचा मे महिना काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात व्हीसीडीचं स्वतःचं एक दुखणं आहे. डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये, म्हणजे सीडीवरच्या एका छोट्या कप्प्यात, 2,048 बाइट माहिती आणि चुका दुरुस्त करायला जादा बाइट असतात. व्हीसीडीत तो जादा बंदोबस्त काढून 2,324 बाइट व्हिडिओ भरलेला असतो. म्हणून 80 मिनिटांच्या सीडीवर जवळपास 80 मिनिटांचं लग्न मावतं, आणि म्हणूनच एका ओरखड्यानं चित्राचे चौकोन होतात. छापील बाजूला जास्त जपा. चकचकीत थर तिथे अगदी वर असतो, आणि तिथला ओरखडा पॉलिशनं निघत नाही.

विंडोजमध्ये साधी कॉपी एखाद्या खराब जागी अडली, तर आयसोबस्टरसारखा प्रोग्रॅम वापरा. लिनक्सवर साधी कॉपी बहुधा चालतच नाही, तिथे व्हीसीडीएक्सरिप हा प्रोग्रॅम लागतो.

फाइल उतरली. आता पर्याय.

नाव बदलून शेवटी ‘एमपीजी’ लावायचं, हा सल्ला गावोगाव मिळतो. फुकट आहे, दोन सेकंदांचं काम आहे, आणि काही प्लेअरमध्ये चालतंही. पण आत काहीच बदललेलं नसतं. विंडोजनं कॉपी केलेल्या डॅटच्या तोंडाशी 44 बाइटांची पट्टी असते आणि पुढे दर 2,352 बाइटांत 28 बाइट सीडीच्या हिशेबाचे, व्हिडिओचे नव्हेत. काही प्लेअर तिथे गोंधळतात. एकूण वेळ चुकीची दाखवतात, पुढे ढकललं की अडखळतात. नुसतं बघायचंच असेल तर नाव बदलण्याचीही गरज नाही. व्हीएलसी हा प्लेअर डॅट आहे तशी चालवतो, संगणकावरही आणि मोबाइलवरही.

खरी निवड पुढच्या दोघांत आहे.

एक म्हणजे कॉपी मोड, ज्याला रीमक्स म्हणतात. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या प्रोग्रॅममध्ये ‘सी कॉपी’ (-c copy) हा पर्याय देऊन डॅटमधून एमपीजी काढायची. म्हणजे डबा बदलायचा, आतला पदार्थ तोच. सीडीचे जादा बाइट गळतात, व्हिडिओ आणि आवाज मूळचेच राहतात. तासाभराची फाइल काही सेकंदांत होते, जुन्या लॅपटॉपवरही. आकार जवळपास तेवढाच, मिनिटाला साधारण 10 एमबी. आतला व्हिडिओ एमपेग-1 प्रकारचा, 1993 मधला. इतका जुना आणि इतका साधा की तो वाचणारे प्रोग्रॅम नाहीसे होण्याची भीती मला वाटत नाही. तोटा एकच, पण मोठा: मोबाइलची स्वतःची गॅलरी त्याला बहुधा नकार देते.

दुसरा म्हणजे एमपीफोर, आत एच.264 व्हिडिओ आणि एएसी आवाज. हँडब्रेक हेच करतो. फुकट आहे, खिडक्या-बटणांचा आहे. ही फाइल मोबाइल, टीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडे चालते. पण इथे चित्र नव्यानं दाबलं जातं आणि थोडं तरी जातं. व्हीसीडीचं मूळ चित्र 352 गुणिले 288 एवढंच, तेही अनेकदा व्हीएचएस कॅमेऱ्याचं, दाणेदार. हँडब्रेकमधला दर्जाचा आरएफ आकडा 18 ते 20 ठेवा. गंमत म्हणजे, दाणे इमानदारीनं जपायला गेलं की नवी फाइल मूळ फाइलएवढीच मोठी होऊ शकते. जागा वाचेल म्हणून एमपीफोर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणखी दोन सेटिंग बघा. चित्राचं प्रमाण 4:3 राहू द्या. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्यात. पडदाभर ताणलं की नवरदेव आडवा होतो. आणि डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत टिपलेलं चित्र सलग करणारी सोय) बंद ठेवा, 288 ओळींच्या चित्राला ते लागत नाही.

माझं मत: जपून ठेवायला एमपीजी, वाटायला एमपीफोर. एकच करायची असेल आणि घरात संगणकाशी कुणाचा फारसा संबंध नसेल, तर एमपीफोर करा, पण मूळ डॅट पुसू नका. हार्ड डिस्कवर 700-800 एमबी म्हणजे आता काहीच नाही.

कॉपी मोडचा आणखी एक फायदा, जो आपल्याकडे विशेष कामाचा. त्याच पद्धतीनं नुसता आवाजही वेगळा काढता येतो, मूळचा एमपी2, 224 केबीपीएस. हळदीच्या रात्री म्हातार्‍या बायकांनी म्हटलेली अहिराणी गाणी, कानबाई या खानदेशातल्या देवीच्या जागरणातली गाणी यांचं चित्र अंधूक असलं तरी आवाज बरेचदा चांगला असतो. ती गाणी म्हणणार्‍या आज्या आता किती घरांत राहिल्यात?

ऑनलाइन कन्व्हर्टरवर अर्धा-पाऊण जीबीचं घरचं लग्न चढवण्यात मला अर्थ दिसत नाही. एआयनं ‘एचडी’ करून देणार्‍यांपासूनही जपून. 288 ओळींत जे नाही ते मशीन कल्पनेनं भरतं, आणि मावशीचा चेहरा भलत्याच बाईचा होतो. स्टुडिओत देणार असाल तर आधीच सांगा: 4:3 ठेवा, वर दुकानाचं नाव टाकू नका, एमपीफोरसोबत मूळ फाइलही द्या. आणि घरात त्याच लग्नाची व्हीएचएस कॅसेट सापडली, तर पैसे तिच्यावर खर्च करा. व्हीसीडी बहुतेक तिच्यावरूनच केलेली असते.

लग्न डीव्हीडीवर असेल तर हिशेब बदलतो. तिथे व्हीओबी फाइल असतात, प्रत्येकी 1 जीबीपर्यंतच्या तुकड्यांत, 720 गुणिले 576, एमपेग-2. तिथे डीइंटरलेस चालू करावं लागतं. सगळे तुकडे कॉपी मोडनं जोडले की फाइल 4 जीबीच्या वर जाऊ शकते, आणि फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती घेत नाही. एक्सफॅट केलेला पेनड्राइव्ह जुन्या टीव्हीला कळेलच असं नाही. म्हणून डीव्हीडीच्या बाबतीत टीव्हीसाठी एमपीफोरच बरी.