घरघंटी घेऊन वर्ष झालं, गव्हाला बंदी असलेल्या घरातला रिव्ह्यू

आधीच सांगते, ही घरघंटी म्हणजे घरगुती पिठाची चक्की मी हौसेने घेतलेली नाही. ताजं पीठ, पौष्टिक आहार, आजीच्या जात्याची आठवण वगैरे जे जाहिरातीत असतं त्यातलं काहीही माझ्या डोक्यात नव्हतं. डोंबिवलीतला टू बीएचके, त्यात फ्रीजच्या बाजूला जेमतेम हातभर जागा, तिथे हे चाळीसेक किलोचं धूड कोण हौसेने आणून ठेवेल?

आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला सहा माणसं आणि सहा तऱ्हा. सासऱ्यांना डायबेटिस आणि बीपी. सासूबाई आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं शिवत नाहीत, कांदेनवमीला मात्र सकाळपासून भज्या. नवऱ्याला बुधवार, शुक्रवार, रविवार मासे पाहिजेत. मुलगा चौदा वर्षांचा, फुटबॉल खेळून येतो आणि समोर ठेवाल ते दुप्पट खातो, त्याचा प्रश्न नाही. मी काहीही खाते, म्हणजे सगळ्यांचं उरलेलं खाते. आणि चिऊ, वय आठ, तिला सिलिअॅक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. गहू, बार्ली वगैरे काही चालत नाही, कायमचं.

तिचं हिमोग्लोबिन वाढतच नव्हतं, टॉनिकच्या बाटल्या संपवल्या, मग रक्ताची टीटीजी टेस्ट (सिलिअॅक ओळखायची) झाली, दुर्बिणीतून तपासणी झाली आणि कळलं. घरात पहिली प्रतिक्रिया आली ती अशी की बरं झालं, आपण ज्वारी-तांदूळवाली माणसं, भाकरी खाईल पोरगी, त्यात काय एवढं. मलाही तसंच वाटलेलं. पोळ्या बंद केल्या, बिस्किटं बंद केली, मॅगी बंद केली (त्यावर जी रडारड झाली ती सोडा). सहा महिन्यांनी टेस्ट परत केली तर आकडा पाहिजे तसा उतरलाच नव्हता. मी डॉक्टरांना शपथेवर सांगतेय की गव्हाचा कण दिला नाही हो तिला. त्यांनी डाएटिशियनकडे पाठवलं, आणि त्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "ज्वारी दळता कुठे?"

तिथे माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे गिरणीत गेलं की पहिलं काय विचारतो आपण? "आत्ता कशावर दळताय?" ज्वारीवर गहू दळला की पोळ्या फाटतात म्हणून आपण बायका गव्हावरच दळून द्या म्हणून अडून बसतो. मग उलट पण होत असणारच ना, गव्हावर ज्वारी! माझ्या ज्वारीच्या डब्यात आधीच्या माणसाची मूठभर कणीक दर वेळी येत होती आणि मी ती प्रेमाने थापून पोरीला खाऊ घालत होते. गिरणीवाल्या दादांना विचारलं तर ते म्हणाले ताई एक चक्की ज्वारी-बाजरीचीच वेगळी आहे. आहे खरी. पण गर्दी झाली की तिच्यावर पण गहू चढतो हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि नाही चढला तरी अख्ख्या गिरणीत हवेतच पीठ उडत असतं, भिंती पांढऱ्या असतात. त्यांची चूक म्हणत नाही मी, त्यांनी कोणाकोणाचं सांभाळायचं. पण आपल्याकडे ग्लूटेन फ्री लिहायला कायद्याची मर्यादा आहे ती किलोमागे २० मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत चिमूटभर कणीक पडली तरी गेलं सगळं.

पाकिटातली ग्लूटेन फ्री पिठं आणून बघितली. महाग तर आहेतच, पण खरं दुखणं वेगळं आहे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फुटतात, उचलली की दोन तुकडे. गव्हासारखं धरून ठेवणारं काही त्यात नसतंच, म्हणून तर आपण उकळतं पाणी घालून मळतो. आणि बाजरीचं पीठ तर आठवड्यात कडवट लागायला लागतं. पाकीट दुकानात किती दिवस पडून होतं देव जाणे.

म्हणून घरघंटी. मला २१ हजारांना पडली. एक एचपीची मोटर, साध्या प्लगवर चालते, खाली चाकं आहेत, दगड नसतो, आत पाती फिरतात आणि धान्य ठेचून जाळीतून खाली डब्यात पीठ पडतं. सोबत बारीक ते जाड अशा सहा जाळ्या मिळाल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार आहे, आणि खरं सांगायचं तर बाजारातल्या बऱ्याचशा मशिनी आतून सारख्याच असतात.

तक्रार ही की डेमोला जो मुलगा आला त्याने बॅगेतून पिशवी काढली आणि मशीन उघडून त्यात ओतणार, मी सहज बघितलं तर गहू!! मी असली किंचाळले की सासरे बाथरूममधून विचारायला लागले काय झालं म्हणून. त्या बिचाऱ्याची चूक नाही, सगळीकडे गव्हाचाच डेमो देतात. पण मी ऑर्डर देताना फोनवर दोनदा सांगितलं होतं, मेलपण केला होता. त्याला डब्यातली ज्वारी दिली, त्याने मुकाट डेमो दिला. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी डेमोच्या वेळी शेजारी उभं राहा, चहा करायला आत जाऊ नका. आणि कारखान्यातही गहू घालून तपासलं असेल या संशयाने मी सगळे सुटे भाग धुवून वाळवले, आतून ब्रशने झाडून घेतलं, मग दोन किलो तांदूळ दळून ते पीठ चिऊला न देता बाकीच्यांना घावनात घातलं. त्यानंतर आजतागायत आत गहू गेलेला नाही.

आता कामाचं. ज्वारी एकदम बारीक जाळीवर किलोला आठ-दहा मिनिटं लागतात. पीठ गरम पडतं, लगेच झाकण लावू नका, परातीत पसरून निवू द्या नाहीतर डब्याला घाम येतो. मी दर तीन-चार दिवसांनी किलोभरच दळते, आणि भाकरी, काय सांगू, पापुद्रा सुटतो नुसता. सासूबाई पहिल्या दिवशी भाकरी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघत होत्या, म्हणाल्या काही नाही, पण दुसरी मागितली. विजेचं म्हणाल तर तासाला पाऊण ते एक युनिट, बिलात फरक कळत नाही.

पण खरा फायदा पिठाचा नाही, रात्रीच्या जेवणाचा झालाय. आधी मी काय करायचे तर पाच जणांचं जेवण करायचं आणि मग चिऊचं "वेगळं". वेगळा तवा, वेगळी भाजी, आणि ती आपली कोपऱ्यात तिचं ताट घेऊन बसायची. सासऱ्यांचं परत बिनमिठाचं वेगळं, चातुर्मासात सासूबाईंचं वेगळं. साडेनऊ वाजायचे, ओटा म्हणजे रणांगण. आता मी उलटं केलंय. जेवण एकच, ते चिऊला चालेल असं, त्यात कांदा-लसूण नाही, मीठ बेताचं. आणि शेवटच्या पाच मिनिटांत फाटे फोडायचे. मुगाची आमटी साधी जिऱ्याची करायची, सासूबाई आणि सासऱ्यांची वाटी काढली की कढल्यात लसूण-लाल मिरचीची फोडणी करून उरलेल्या पातेल्यात ओतायची. सासऱ्यांची वाटी काढून झाली की पातेल्यात वरून मीठ. भाकरी सगळ्यांना. ज्याला पोळीच पाहिजे त्याच्यासाठी पोळीभाजी केंद्रातून पोळ्या येतात, त्या आमच्या पोळपाटाला शिवतसुद्धा नाहीत, टेबलावर त्यांच्याच डब्यात उघडायच्या आणि शेवटी वाढायच्या. गंमत म्हणजे आता पोळ्या उरतात.

हिंगाचं एक सांगून ठेवते, कारण मला कोणीच सांगितलं नव्हतं. आपण वापरतो तो डबीतला बांधानी हिंग, त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो बऱ्याच वेळा, डबी फिरवून बारीक अक्षरात वाचा. वर्षभर मी ज्वारीची काळजी करत होते आणि रोजच्या वरणात गहू पडत होता. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, थोडं शोधावं लागतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, माल्टवाल्या दुधाच्या पावडरी बार्लीच्या. आणि खपली गहू चालतो म्हणून व्हॉट्सॅपवर जे फिरतं त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, खपली पण गहूच.

उपासाच्या पदार्थांचं मात्र मी किती कौतुक करू. वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याच्या पुऱ्या, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, सगळंच चिऊला चालतं. एकादशी आमच्याकडे आता महिन्यात दोनदा नाही, आठवड्यातून एकदा असते म्हणा ना. राजगिरा, वरई घरीच दळते, सुट्या विकतच्या पिठावर भरवसा नाही. फक्त सासऱ्यांना साबुदाणा नको, त्यांना त्या दिवशी भगर थोडी आणि काकडीची कोशिंबीर भरपूर.

सासऱ्यांवरून आठवलं, ज्वारी म्हणजे डायबेटिसवाल्यांनी कितीही खावी असं काही नसतं बरं का. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून सगळे नाचणी-ज्वारीला औषध समजायला लागलेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सत्तरीच्या आसपास कर्बोदकं असतात, गव्हापेक्षा काही फार वेगळं नाही. त्यांना एक मोठी भाकरी, त्यावर मागितली तर भाजी मिळते. रुसतात. ग्लुकोमीटर दाखवला की गप्प.

थालीपिठाची भाजणी मी गहू वगळून करते: ज्वारी आणि बाजरी दोन-दोन वाट्या, तांदूळ एक, हरभरा डाळ एक, उडीद अर्धी, धणे पाव वाटी, जिरं चमचाभर. वेगवेगळं खमंग भाजायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच दळायचं. चकलीच्या भाजणीत आमच्याकडे गहू नसतोच. आणि माशांना लावायला रवा पाहिजे असतो, तो तर गव्हाचा, त्यामुळे वर्षभर नवऱ्याचे तळलेले बांगडे नुसत्या तांदळाच्या पिठात आणि त्याचा चेहरा तसाच. मग जाड जाळी लावून तांदळाचा रवा काढला. कुरकुरीतपणा रव्याच्या वरचढ आहे असं तो स्वतः म्हणाला, मी म्हणायला लावलेलं नाही.

आता वाईट बाजू. आवाज. मिक्सरसारखा, पण मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, हा वीस मिनिटं चालू. खालच्या काकूंचं दुपारी झोपायचं असतं, त्यामुळे माझं दळण संध्याकाळी सहाला, टीव्हीवर सासूबाईंची सीरियल लागायच्या आत. पीठ सांडत नाही म्हणतात, सांडतं, झाकण उघडताना उडतंच. आणि साफसफाई दर वेळी करा नाहीतर कोपऱ्यात किडे होतात, पावसाळ्यात तर नक्की.

शेंगदाणे, तीळ, खोबरं असलं तेलकट काही घालायचं नाही हे पुस्तिकेत लिहिलंय. ओलं घालायचं नाही हेपण लिहिलंय. तरी मी दिवाळीला अनारशाचे तांदूळ घातले. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेलं, कपड्यावर पसरून वाळवलेले, म्हणजे जसे अर्धवट ओलसर असायला पाहिजेत तसेच. मला वाटलं एवढ्याने काय होतंय. पाचव्या मिनिटाला आवाज बदलला, मग घूंऽऽ करून बंद. उघडून बघते तर जाळीवर लापशी थापलेली, पाती चिकटलेली. सर्व्हिसवाला तीन दिवसांनी आला (ऐन दिवाळीत, त्यामुळे माफ), मोटर वाचली होती, पण मला जे बोलून गेला ते मी इथे लिहीत नाही. उरलेले तांदूळ मिक्सरमध्ये काढून चाळून घेतले, अनारसे झाले, जाळी मस्त पडली.

तर घ्यावी का? घरात चौघंही गव्हाच्या पोळ्या खाणारे असाल, गिरणी खाली असेल, तर मुळीच घेऊ नका, दोन महिन्यांनी तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवाल. सिलिअॅक असेल तर टीव्ही नंतर घ्या, ही आधी घ्या. चिऊची टेस्ट मध्ये परत केली, आकडा चांगलाच खाली आलाय, अर्थात हिंगाचंही श्रेय त्यात असेल.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो त्या गव्हाच्या डेमोसाठी. आणि घेतलीत तर पीठ गाळणारी आतली कापडी पिशवी जास्तीची एक मागवून ठेवा, ती धुतली की पावसात दोन दिवस वाळत नाही आणि तोवर दळण अडतं. शेजारच्या वहिनी परवा दोन किलो गहू घेऊन आल्या होत्या, तुझ्याकडे चक्की आहे ना म्हणून. मी काही बोलायच्या आत चिऊ दारात आडवी उभी.