फॉगिंगच्या नावाखाली खपवलेलं इंजिन

मालवण, तारकर्ली, देवबागकडे दर सीझनच्या आधी कुणी ना कुणी गोव्यातून जुनी जेटस्की आणतंच. नव्या मशीनचा भाव ऐकून हात आखडतो, आणि पावसात समुद्र बंद असला की असा माल बाजारात निघतो. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघांनी भागीदारीत अशीच एक घेतली. दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, सातशे सीसीच्या आसपासची, सव्वादोन लाख रोख. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण ती येणारा तो एकटाच असेल असं मला अजिबात वाटत नाही.

कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते, बघितल्याशिवाय घेणार नाही, असं आम्ही फोनवरच सांगितलं होतं. त्याने लगेच होकार दिला. आम्ही पोचलो तेव्हा गेज तयारच होतं, तेही आटे असलेलं, प्लगच्या जागी घट्ट बसणारं. नुसतं रबर दाबून धरायचं गेज नव्हतं. दोन्ही प्लग काढले, प्लगच्या टोप्या इंजिनाच्या धातूला टेकवून अर्थिंग दिलं म्हणजे सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळायला नको, थ्रॉटल पूर्ण दाबून धरला आणि काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारला. पुढचा सिलिंडर १४५ पीएसआय (दाबाचं माप), मागचा १४०. वर आम्हालाच शिकवलं की अशा इंजिनाला १२० च्या खाली आलं की शंका घ्यायची, आणि दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. हे सगळं खरं आहे. कुठलाही चांगला मेस्त्री हेच सांगेल.

मग प्लग लावून इंजिन चालू केलं आणि निळा-पांढरा धूर असा सुटला की शेडच्या बाहेरचा माणूस दिसेना. त्यावर उत्तर तयार होतं: "पावसासाठी फॉगिंग करून ठेवलीय." आता फॉगिंग ही अगदी योग्य गोष्ट आहे. जेटस्की महिनोनमहिने उभी राहणार असेल तर सिलिंडर गंजू नये म्हणून आत तेलाचा फवारा मारतात, आणि पहिल्यांदा चालू करताना थोडा धूर येतोच. काही सेकंदांत त्याने इंजिन बंद केलं, का तर पाण्याशिवाय जास्त चालवलं तर एक्झॉस्टचे रबरी पाइप जळतात. हेही खरंच. खाडीत उतरवून दाखव म्हटलं, तर ट्रेलरचा ॲक्सल मोडलेला. आम्ही शेवटी टेम्पो करून आणली.

इकडे कर्लीच्या खाडीत उतरवल्यावर पहिल्या काही फेऱ्या झकास गेल्या. धूर कमी झाला, भाऊ खूश. त्याने प्लगही नवे टाकले होते, जुने प्लास्टिकच्या पिशवीत सीटखालच्या डब्यात ठेवून दिले होते. पण धूर पूर्ण थांबला तशी मशीनची रयाही गेली. सकाळी थंड इंजिन उठेना. एकट्याने बसलं तर कशीबशी पळायची, मागे कुणी बसलं की नाक वर करून पाणी ढकलत राहायची, पाण्यावर उठायचीच नाही. कार्बोरेटर साफ केला, पेट्रोल बदललं, पाणी मागे फेकून मशीन पळवणाऱ्या पंपात वाळू अडकलीय का तेही बघितलं. फरक शून्य.

आमच्याकडचे जुने मेस्त्री आले. त्यांनी स्वतःचं गेज लावलं. पुढे ११५, मागे ८०. मग मागच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडलं, सेल्फ मारून ते सगळीकडे पसरू दिलं आणि परत मोजलं. १३० च्या वर गेलं. ते म्हणाले, "ह्यां कंप्रेशन न्हय, ह्यां त्याल बोलता."

पिस्टनभोवतीच्या रिंग, म्हणजे फट बंद ठेवणाऱ्या कड्या, झिजलेल्या किंवा चिकटलेल्या असल्या की हवा त्यांच्या कडेने निसटते. जाड तेल त्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवतं. शिवाय पिस्टनच्या डोक्यावर साचलेलं तेल जागा खातं, म्हणजे हवेला राहायला जागाच कमी, काटा आणखी वर. तेल जळून गेलं की इंजिन मूळ पदावर. रिंगची शंका तपासायला मेस्त्री जी युक्ती वापरतात, तीच त्या माणसाने आम्ही पोचण्याआधी उरकून ठेवली होती.

मेस्त्रींनी मग जुने प्लग मागितले. पिशवी उघडल्याबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास आला. त्यांनी आट्यांतलं तेल दोन बोटांत चोळलं. चिकट, तार धरणारं. टू-स्ट्रोकचं टू-टी ऑइल नव्हे, फॉगिंगचं तर नव्हेच. गंधकाचा तो वास गिअर ऑइलचा होता.

हेड काढल्यावर उरलंसुरलं दिसलं. मागच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे, सिलिंडरच्या भिंतीला फासलेलं ॲल्युमिनियम, वरची रिंग खाचेतच रुतलेली. त्या सिलिंडरच्या कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, अर्धा बुजला होता. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल, तर मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त) की उष्णता वाढते आणि वंगणही घटतं, दोन्हीकडून मार. हे दुरुस्त न करता नुसता ब्लॉक बोअर करून (सिलिंडर कोरून रुंद करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकणारे खूप आहेत. दोन महिन्यांनी तेच पिस्टन घेऊन परत लेथवर उभे असतात.

त्याला फोन केला तर म्हणाला, पावतीवर "आहे त्या स्थितीत" लिहिलंय. लिहिलं होतंच. वकिलांनी मात्र सांगितलं की भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं हे कपटच, आणि अशा कपटाला त्या तीन शब्दांची ढाल चालत नाही. प्रश्न पुराव्याचा. ते प्लग आणि मेस्त्रींनी काढलेला व्हिडिओ होता म्हणून नोटीस पाठवता आली, आणि चाळीस हजार परत मिळाले. खर्च त्याहून बराच जास्त झाला.

आता बघायला जाणाऱ्यांसाठी. आदल्या दिवशीच सांगा की प्लगला हात लावायचा नाही, आणि गेज आपलं न्या. मोजायच्या आधी प्लग हुंगा आणि भोकात टॉर्च मारा: फॉगिंगचं तेल पातळ थरासारखं असतं, पिस्टनवर डबकं साचलेलं दिसलं तर सरळ विचारा हे काय. मोबाइलला जोडायचा कॅमेरा स्वस्तात मिळतो, तो आत सोडला की भिंतीवरचे उभे ओरखडे दिसतात. खरी परीक्षा एकच. पाण्यात उतरवून, मागे माणूस बसवून, धूर थांबेपर्यंत पळवायची आणि इंजिन गरम असतानाच परत कंप्रेशन घ्यायचं. पहिला आकडा आणि हा आकडा यांत मोठी घसरण असेल तर पहिला आकडा तेलाचा. पावसाचं, ट्रेलरचं कारण सांगून तो पाण्यात उतरवायला तयारच नसेल, तर हल (खालचा सांगाडा), पंप आणि कागदपत्रं यांचाच भाव करा. इंजिनाचे पैसे शून्य धरा.