आठ महिने डीव्हीग्रॅब आणि केडेनलाईव्ह: हँडीकॅमच्या कॅसेटचे तुकडे आणि त्यांची नावं, माझा अनुभव

आमचं घर दापोली तालुक्यात, हर्णैच्या अलीकडे. घरात मिनीडीव्हीच्या (हँडीकॅममधल्या छोट्या डिजिटल टेपच्या) ३८ कॅसेट होत्या, २००४ ते २०१० मधल्या, त्यात गणपती, शिमगा, दोन लग्नं, आजोबांची पंच्याहत्तरी, सगळं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माळ्यावरची कौलं उडाली आणि कॅसेटचा डबा भिजला, तेव्हाच ठरवलं होतं की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, पण प्रत्यक्ष सुरुवात व्हायला बरीच वर्षं गेली. आता आठ महिने झालेत, २४ कॅसेट पूर्ण झाल्यात, म्हणून लिहितोय.

आधी काय चुकलं ते सांगतो. तालुक्याच्या गावात एका स्टुडिओत चार कॅसेट दिल्या होत्या, त्यांनी लाल-पांढरी-पिवळी वायर लावून डीव्हीडी करून दिल्या. एक कॅसेट म्हणजे एक तासाची एकच सलग फाईल, आणि तारीख वेळ काहीच नाही! मला तेव्हा माहीतच नव्हतं की मिनीडीव्हीच्या टेपवर चित्राबरोबर शूटिंगची तारीख आणि वेळसुद्धा डिजिटल नोंदलेली असते, पण ती फक्त फायरवायर केबलनेच (कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला थेट डिजिटल जोडणारी वायर) येते, त्या तीन रंगांच्या वायरने येत नाही. कॅमेऱ्याला यूएसबीचं भोक असतं पण बऱ्याच हँडीकॅममधे ते फोटो काढून घ्यायला किंवा वेबकॅमसारखं हलकं चित्र द्यायला असतं, त्याच्या नादी लागू नका. जुना डेस्कटॉप असेल तर त्यात पीसीआय फायरवायर कार्ड टाका आणि चार पिनवाली ते सहा पिनवाली केबल घ्या.

माझा सेटअप म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स मिंट, कॅप्चरला म्हणजे टेपवरचं कॉम्प्युटरवर उतरवायला डीव्हीग्रॅब आणि एडिटिंगला केडेनलाईव्ह, दोन्ही फुकट. डीव्हीग्रॅबला कमांड टाईप करावी लागते पण ती एकदा लिहून ठेवली की झालं. मी तीन गोष्टी लावतो, ऑटोस्प्लिट, टाईमस्टँप, आणि साईज शून्य. ऑटोस्प्लिट म्हणजे टेपवर जिथे नवं रेकॉर्डिंग सुरू झालं तिथे नवी फाईल. टाईमस्टँप म्हणजे त्या फाईलच्या नावातच शूटिंगची तारीख आणि वेळ. साईज शून्य का, तर नाहीतर तो मुळात १०२४ एमबी झाली की फाईल तोडतो आणि डीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी होतो म्हणजे पावणेपाच मिनिटाला एक तुकडा, आमची आरतीच वीस मिनिटं चालते, तिचे पाच तुकडे कोण जोडत बसणार! विंडोजवाल्यांसाठी विनडीव्ही आहे, त्यातही टेपवरच्या वेळेत किती सेकंदाचा खंड पडला की तोडायचं ते सांगता येतं आणि नावात तारीख येते.

आता मुख्य मुद्दा. तुकडे करायचे दोन मार्ग असतात, एक टेपवरच्या वेळेवरून आणि दुसरा चित्र बदललं की. मी सुरुवातीला एका विकतच्या सॉफ्टवेअरमधे दुसरा वापरला आणि दोन आठवडे फुकट गेले. शिमग्याच्या कॅसेटमधे होमाचा जाळ भडकला की कट, फटाका फुटला की कट, कोणी फोटोचा फ्लॅश मारला की कट, पालखी नाचवतानाच्या सात मिनिटांचे नव्वदच्या वर तुकडे झाले. आणि गणपतीत बरोब्बर उलटं, कॅमेरा स्टँडवर, समोर तेच मखर, तोच कोन, त्यामुळे पहिल्या दिवशीची आरती आणि दुसऱ्या दिवशीची आरती एकाच फाईलमधे! चित्र सारखंच, मग त्याला कसं कळणार की मधे एक रात्र गेलीय. टेपवरच्या वेळेला ते कळतं. म्हणून माझं ठाम मत, मिनीडीव्ही असेल तर वेळेवरूनच तोडा, चित्रावरून तोडायची सोय फक्त जिथे तारीख हरवलीय तिथे वापरा, म्हणजे माझ्यासारख्या स्टुडिओच्या डीव्हीडीवर.

दुसरा फायदा आमच्याकडचाच. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि टेप तासाची तर कॅप्चरलाही तासच लागतो. मधे लाईट गेली तर फक्त चालू असलेला तुकडा जातो, आधीचे सगळे सुखरूप राहतात. जुलैत तीन वेळा झालं हे. शेवटच्या फाईलची वेळ बघायची, टेप तिथे मागे न्यायची आणि पुढे चालू.

आता नावांबद्दल, इथे मेहनत आहे. काही कॅसेटमधे कॅमेऱ्याची आतली बटण बॅटरी उतरलेली होती आणि घड्याळ परत पहिल्यावर गेलेलं. एका कॅसेटमधे पहिली क्लिप १ जानेवारी २००४ ची आणि तिच्यात बाप्पा पाटावर बसतायत! वर्ष कुठलं ते आईलाही आठवेना. मग आवाज नीट ऐकला तर मागे मुंबईहून आलेले काका २६ जुलैच्या पावसाचं सांगतायत, कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले ते. म्हणजे २००५. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, फरक ६१५ दिवसांचा, तो त्या कॅसेटच्या सगळ्या फाईलना लावला. तास-मिनिटं भिंतीवरच्या घड्याळावरून, प्रतिष्ठापनेच्या वेळी पावणेअकरा दिसतायत. बॅटरी मधे काढली असेल तर घड्याळ परत शून्यावर जातं, तेव्हा हा हिशोब प्रत्येक टप्प्याला वेगळा करावा लागतो.

माझी नावाची पद्धत अशी की आधी वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, मग जागा, प्रसंग आणि शेवटी कॅसेट नंबर. तारीख डीव्हीग्रॅबची, बाकीचं आई आणि आत्या बाजूला बसून सांगतात तसं मी टाईप करतो. माणसांची नावं आत्ताच टाका, हे कळकळीने सांगतो. आत्याने एका क्लिपमधे ओळखलेल्या तीन बायका मला जन्मात ओळखता आल्या नसत्या. शब्द मराठीत ठेवलेत, काही अडलं नाही, फक्त आकडे एकाच लिपीत ठेवा, अर्धे मराठी अर्धे इंग्रजी झाले की यादीचा क्रम बिघडतो. आणि नावं केडेनलाईव्हमधे घ्यायच्या आधी बदला, कारण प्रोजेक्टमधे क्लिप आल्यावर बाहेर नाव बदललं की तो फाईल सापडत नाही म्हणतो. नंतर काही सुचलं तर प्रोजेक्टच्या बिनमधेच (केडेनलाईव्हमधली क्लिपची यादी) नाव बदलायचं, मूळ फाईलला हात लागत नाही.

कार्डवाल्या कॅमेऱ्याचं वेगळं. भावाचा एव्हीसीएचडी कॅमेरा (टेपऐवजी मेमरी कार्डवर एचडी रेकॉर्ड करणारा), फाईलची नावं ००००० पासून, आणि दुसऱ्या कार्डावरही तीच. दोन्ही एकाच फोल्डरमधे घेतले, रिप्लेसला हो म्हटलं आणि भाचीच्या बारशाचे अकरा व्हिडिओ गेले, कार्ड आधीच पुसलेलं होतं. अजून हळहळ वाटते. म्हणून आधी कार्डावरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं तारखेच्या फोल्डरमधे कॉपी करायचं, नावं मग. लांब शूटिंग त्या कार्डवर २ किंवा ४ जीबीला तुटतं, ते तुकडे एडिटिंगच्या टाईमलाईनवर नुसते शेजारी ठेवले की सांध्यावर आवाज क्षणभर जाऊ शकतो, टर्मिनलमधे कॅट कमांडने एकामागे एक जोडून एकच फाईल केली की जात नाही.

जागा लागते, ३८ कॅसेटचे ५०० जीबीच्या आसपास, मी २ टीबीच्या दोन डिस्क घेतल्यात, एक पुण्याला बहिणीकडे असते. उरलेल्या १४ मधल्या पाच कॅसेटना बुरशी आहे, त्या चांगल्या कॅमेऱ्यात घालणार नाही, टेप वाचणारं हेड खराब होतं, त्यासाठी एक जुना कॅमेरा शोधतोय. बाकीच्या नऊ गणपतीआधी करायच्यात, सगळे घरी येतील तेव्हा आजोबांची पंच्याहत्तरी हॉलमधे लावायचीय, ती अजून कॅसेट नंबर ३१ मधेच आहे.