जुन्या अमेरिकेची गाणी ऐकायला: सिलिंडर, डायमंड डिस्क की व्हिक्ट्रोला?

१९०० ते १९२५ च्या अमेरिकेत व्हॉडव्हिलची (नाच, गाणी, नकला अशा रंगमंचावरच्या करमणुकीची) विनोदी गाणी, बँड, रॅगटाइम आणि पुढे जॅझ-ब्लूज घराघरांत पोचले ते चावीच्या फोनोवरून. ते त्याच यंत्रावर ऐकायची हौस असेल तर लाकूड आणि कर्णा बघण्याआधी रेकॉर्डवरची खाच बघा. एडिसनच्या (सिलिंडर आणि डायमंड डिस्क) खाचेत सुई वरखाली हलते, व्हिक्टर कंपनीच्या (व्हिक्ट्रोला) खाचेत डावी-उजवीकडे. त्यामुळे एकाची रेकॉर्ड दुसऱ्यावर नीट वाजत नाही, आणि कोणत्या खाचेत कोणाचं गाणं भरलं गेलं ते त्या त्या कंपनीने ठरवलं. यंत्र घेतलंत की गाण्यांची निवडही बरीचशी झालीच.

सिलिंडर

फोनोग्राफ जन्मला १८७७ मध्ये न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कला. आज तिथल्या गावाचं नावच एडिसन आहे आणि तिथे मराठी बिऱ्हाडंही पुष्कळ आहेत. जुने मेणाचे सिलिंडर मिनिटाला १६० फेऱ्यांनी फिरतात आणि दोन मिनिटांत संपतात. १९०८ मध्ये खाचा दुप्पट दाट करून चार मिनिटांचा अँबेरॉल आला, पण ते मेण फार ठिसूळ. १९१२ चा ब्लू अँबेरॉल मात्र सेल्युलॉइडचा, आत प्लास्टर ऑफ पॅरिसचा गाभा. नवख्याने हाच घ्यावा.

घेताना दोन गोष्टी जुळवायच्या. एडिसनची अँबेरोला ३० सारखी सिलिंडरची यंत्रं फक्त चार मिनिटांचे सिलिंडर वाजवतात. त्यांच्या हिऱ्याच्या सुईखाली मेणाचा सिलिंडर कधीही लावू नका. तो दाब सेल्युलॉइडसाठी आहे, मेणाची खाच त्याखाली खरवडून निघते. मेणासाठी नीलमणी सुईचा रिप्रोड्यूसर (सुई बसवलेला आवाजाचा डबा) लागतो, आणि तोही दोन मिनिटांचा वेगळा, चार मिनिटांचा वेगळा.

सिलिंडर बाहेरून धरत नाहीत. दोन बोटं आत घालून किंचित फाकवायची, की तो बोटांवरच उचलला जातो. थंड मेणाला हाताची ऊब लागली तरी तडा जाऊ शकतो. मेणावर पांढरट ठिपके म्हणजे बुरशी. ती मेणच खाते, त्यामुळे पुसली तरी गेलेला आवाज परत येत नाही. ब्लू अँबेरॉलचा रोग वेगळा: दमटपणाने प्लास्टर फुगतं आणि सिलिंडर दांडीवर अर्ध्यातच अडकतो. ठोकून बसवायला गेलात तर फुटतो. आतून प्लास्टर अगदी थोडं थोडं खरवडावं लागतं. कोकणातला पावसाळा काढायचा असेल तर डबा कपाटात वर ठेवा, सिलिकाच्या पुड्यांसकट.

वाजतं काय? बँड, बँजो, व्हॉडव्हिलमधले संवाद, खेडूत म्हाताऱ्याच्या तोंडचे विनोदी किस्से. एडिसनचं गिऱ्हाईक बरंचसं गावाकडचं, माल त्याला साजेसा. कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी गाणीही यात भरपूर आहेत, हे माहीत असूनच पेटी उघडावी. १९२९ मध्ये एडिसनने रेकॉर्डचा धंदाच बंद केला.

डायमंड डिस्क

कानाला सर्वांत चांगली हीच. पाव इंच जाड तबकडी, ८० फेरे, कायमची हिऱ्याची सुई. सुईचा भार खाचेने ओढायचा नसतो, यंत्रातली दातेरी चाकंच रिप्रोड्यूसर पुढे सरकवतात, म्हणून झीज कमी. १९१५ पासून कंपनी सभागृहात अंधार करून गायक आणि यंत्र यांतला फरक ओळखायला लावायची.

मग अडतं कुठे? एडिसनला जवळजवळ ऐकू येत नसे, तरी गायक निवडायचा तोच, आणि जॅझ त्याला आवडत नसे. यादीत हळुवार गाणी आणि सभ्य वाद्यवृंदच जास्त. त्यातून पहिल्या महायुद्धात तबकडीच्या थरासाठी लागणाऱ्या फिनॉल या रसायनाचा तुटवडा पडला आणि त्या काळच्या तबकड्या खरखरतात. पाणी अजिबात लावू नका, गाभा फुगून थर सुटतात. सुई भिंगाखाली बघितल्याशिवाय यंत्र घेऊ नका, कारण टवका उडालेला हिरा प्रत्येक तबकडी कापत जातो.

व्हिक्ट्रोला

कॅम्डनच्या व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये कर्णा पेटीच्या आत दडवला. फोनो दिवाणखान्यातलं फर्निचर झाला. १९१७ ची जॅझची पहिली रेकॉर्ड व्हिक्टरची, आडव्या खाचेची. १९२० मध्ये मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी ब्लूज गायला आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या रेकॉर्ड निघू लागल्या, त्याही व्हिक्ट्रोलावर वाजतात. आपल्याकडची बाब म्हणजे नाट्यसंगीताच्या जुन्या ७८ च्या तबकड्याही याच खाचेच्या. आजोबांच्या ट्रंकेतला माल आणि न्यू ऑर्लिन्सचा बँड एकाच यंत्रावर. तबकडीतली लाखही बरीचशी भारतातूनच जायची.

त्रास आहे तो पिनेचा. पोलादी पिन एका बाजूला एकच वापरायची. तबकडीत मुद्दाम घातलेली भुकटी पिनेला घासून खाचेच्या आकाराची करते, आणि तीच पिन दुसऱ्यांदा लावली की ती धारेने खाच कापते. पिना बचत करण्याची वस्तू नाहीत. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. पाण्याचा ओलसर फडका चालतो, कागदी लेबल वगळून.

आवाज चिरका, झणझणीत येत असेल तर दोष बहुधा साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन बसते त्या डब्याचा: अभ्रकाच्या पडद्याभोवतालच्या दोन रबरी नळ्या दगडासारख्या कडक झालेल्या असतात. त्या बदलणं स्वस्त काम आहे. चावी दिल्यावर आतून धपधप ऐकू आलं तर स्प्रिंगवरचं ग्रीस वाळलंय. वेग तपासायला तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवा आणि मिनिटात ७८ फेरे मोजा. १९२५ नंतरच्या विजेवर मुद्रित केलेल्या तबकड्या जुन्या साउंडबॉक्सखाली लवकर झिजतात, त्यांना त्यांच्यासाठीच बनवलेलं व्हिक्टरचं ऑर्थोफोनिक यंत्र लागतं. त्यात पांढऱ्या मिश्रधातूचे भाग तडकलेले नाहीत ना ते बघा, ते दुरुस्त होत नाहीत.

निवड

जॅझ-ब्लूज हवं, किंवा घरात आधीच ७८ च्या तबकड्या आहेत: व्हिक्ट्रोला, दुसरा विचार नको. व्हॉडव्हिल आणि विनोदी किस्से हवे, आणि हात हलका आहे: अँबेरोला. डायमंड डिस्क दुसरं यंत्र म्हणून घ्यावी, पहिलं म्हणून नव्हे.

नुसतं ऐकायचंच असेल तर काहीच घेऊ नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल ज्यूकबॉक्सवर व्हिक्टरची आणि सांता बार्बराच्या विद्यापीठाच्या संग्रहात सिलिंडरची हजारो गाणी फुकट आहेत.

आणि बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचा, अष्टकोनी पेटीचा 'अँटिक' ग्रामोफोन दिसला, तर तो बहुधा अलीकडेच आपल्याच देशात जुळवलेला असतो: आत कुठल्यातरी सुटकेस फोनोची मोटर, बाहेर कुत्र्याच्या चित्राचा बिल्ला. कर्ण्याचा कोपरा ओबडधोबड जोडलेला असेल आणि टोनआर्म (पिन धरणारा दांडा) पिनेला तबकडीच्या मध्यापर्यंत नीट नेत नसेल, तर शोभेपुरता घ्या. त्यावर चांगली तबकडी ठेवू नका.